गातेस का?

2025 च्या जुलैत ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑसबोर्न गेला त्या रात्री मला झोप येईना, हेडफोन लावून गॅलरीत बसले. ग्रुपवर सगळे ब्लॅक सबाथची गाणी टाकत होते, अडीच आठवड्यांपूर्वीच तर बर्मिंगहॅमला त्याचा शेवटचा शो झाला होता, खुर्चीत बसून गायला होता माणूस. पण मी लावलं ते 'क्लोज माय आइज फॉरएव्हर', गिटारवाल्या लिटा फोर्डबरोबर त्याने गायलेलं. ऑझी मला पहिल्यांदा भेटला तो त्या गाण्यात. आणि खरं सांगायचं तर त्या गाण्यात मी ऑझीकडे बघितलंच नव्हतं.

1992 असेल. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये नुकती केबल आली होती, स्टारच्या चॅनलांबरोबर एमटीव्ही पण यायचा, आणि आईबाबा झोपले की मी आणि दादा आवाज अगदी बारीक करून बघत बसायचो. एके रात्री हे गाणं लागलं. दादा म्हणाला, अरे हा बघ ऑझी! मी बघत होते त्या बाईच्या हाताकडे. तोपर्यंत मी टीव्हीवर गिटार घेतलेल्या बायका बघितल्या नव्हत्या असं नाही, पण त्या गाता गाता गिटार नुसती धरायच्या, फार तर दोन कॉर्ड वाजवायच्या. ही लीड वाजवत होती, म्हणजे मुख्य धून आणि मधले सोलो. बोटं गिटारच्या मानेवर कुठे चाललीत ते मला कळत नव्हतं पण ती तिला पक्की माहितीयत हे कळत होतं.

दोन वर्षांनी मी गिटार घेतली आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला तो आजतागायत. गातेस का? गिटार पाठीला लावून लोकलमध्ये चढले की बायका विचारायच्या, गाणं शिकतेस का गं? कॉलेजात गॅदरिंगला नाव द्यायला गेले तर, गाणार कुठलं? एका ऑर्केस्ट्रात लीडला माणूस हवाय असं कळलं म्हणून गेले, तर ज्यांनी बोलावलं होतं ते काका म्हणाले, बेटा आमच्याकडे फीमेल व्हॉइस आहे. मी म्हटलं काका मी गात नाही, मी वाजवते. तर म्हणे हो हो, पण गातेस ना? त्यांनी मला वाजवायलाच सांगितलं नाही. मी ॲम्प न लावताच घरी आले, आणि तेव्हा जे वाटलं ते अजून आठवतं, राग नव्हता, म्हणजे होता, पण त्याहून जास्त असं की मी इथे उभी असताना यांना मी दिसतच नाहीये.

हे सगळं सांगायचं कारण असं की लिटा फोर्डचं यश लोक सांगतात ते 'किस मी डेडली' या गाण्यापासून. 1988, बिलबोर्ड हॉट 100 वर बारावा नंबर, एमटीव्हीवर दिवसरात्र व्हिडिओ, संपलं. जणू ती त्या वर्षी कुठूनतरी उगवली. तेव्हा ती 29 वर्षांची होती आणि तिला स्टेजवर वाजवायला लागून 13 वर्षं झाली होती!

तिचा जन्म लंडनचा, आई इटालियन, वडील इंग्लिश. लहानपणीच सगळे अमेरिकेत गेले, कॅलिफोर्नियात लाँग बीचला. 11 व्या वर्षी हातात गिटार, आणि ऐकायची काय तर जिमी हेंड्रिक्स, डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर, ब्लॅक सबाथ. सबाथला तिने लाँग बीचलाच स्टेजवर बघितलं, 13 वर्षांची असताना. म्हणजे आपल्याकडे जी मुलं गाणं कानात ठेवून कॅसेट मागे पुढे करत सोलो बसवायची ना, तेच ती करत होती, फक्त मुलगी होती आणि साल 1971-72 होतं. मग 1975 मध्ये किम फाउली नावाचा एक निर्माता मुलींचा रॉक बँड जमवत होता. त्यांना खरं तर बेस वाजवणारी हवी होती, ही गेली, ड्रमवर सँडी वेस्ट होती, दोघींनी डीप पर्पलचं 'हायवे स्टार' वाजवलं. ज्यांनी हा सोलो बसवायचा प्रयत्न केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. लिटा लीड गिटारवर पक्की झाली. बँडचं नाव द रनअवेज.

रनअवेजवर खूप लिहिलं गेलंय, मी फार थांबत नाही. पोरी सतरा-अठरा वर्षांच्या, जपानमध्ये 1977 ला त्यांना प्रचंड गर्दी, आणि त्यांच्याच देशात बरेचसे लोक त्यांच्याकडे तमाशा बघितल्यासारखे बघायचे. 1979 ला बँड फुटला. आता इथे मला जरा थांबायचंय. त्याच बँडमधली जोन जेट, तिचं 1982 मध्ये 'आय लव्ह रॉक अँड रोल' अमेरिकेत एक नंबरला गेलं, सात आठवडे तिथेच होतं. जोन आधीपासून गायची. रिदम, म्हणजे मागची कॉर्डची साथ, वाजवायची आणि गायची. लिटा लीडवाली होती. आणि लीड वाजवणारी बाई म्हणून तिला कुणी आपल्या बँडमध्ये घेईल, गाणारा दुसरा आणि ही बाजूला उभी राहून फक्त वाजवणार, असं कुठे होतं तेव्हा? पुरुषांच्या शंभर बँडांत असे शंभर लीडवाले होते. त्यांना कुणी विचारलं नसेल, गातोस का?

मग तिने काय केलं, तर गायला शिकली. म्हणजे तो प्रश्नच तिने अंगावर घेतला. तीन-चार वर्षं मध्ये गेली, पोटासाठी इतर कामं केली, आणि 1983 मध्ये 'आउट फॉर ब्लड' नावाचा पहिला सोलो अल्बम आला, त्यात गाणारीही तीच आणि लीडवालीही तीच. पुढच्या वर्षी 'डान्सिन ऑन द एज'. दोन्ही अल्बम जोरदार आहेत, आवाज थोडा कच्चा आहे पण गिटार बघा, जराही दबकत नाही. खपले मात्र बेतानेच. तिसरा अल्बम सबाथच्या टोनी आयोमीबरोबर केला, ज्याला तिने तेराव्या वर्षी स्टेजवर बघितलं होतं त्याच माणसाबरोबर, आणि तो अल्बम कंपनीने काढलाच नाही. तयार केलेलं काम कपाटात जाणं काय असतं हे कुणालाही विचारा ज्याने कधी काही बनवलंय.

कुणीही इथे सोडलं असतं. तिने सगळंच बदललं. नवी कंपनी आरसीए, मॅनेजर म्हणून शॅरन ऑसबोर्न, ऑझीची बायको, जी या धंद्यातली सगळ्यात खमकी बाई, आणि प्रोड्यूसर माइक चॅपमन. हा चॅपमन म्हणजे ब्लाँडी बँडचा 'पॅरलल लाइन्स' अल्बम करणारा माणूस, 'माय शरोना' हे गाणं करणारा. त्याला रेडिओ कळायचा. गिटारचा आवाज जाड ठेवून सुद्धा गाणं गल्लीतल्या पोराला गुणगुणता कसं येईल हे त्याला कळायचं. 1988 च्या सुरुवातीला 'लिटा' अल्बम आला. 'किस मी डेडली' हे गाणं तिने लिहिलेलं नाही, मिक स्मायली नावाच्या माणसाचं आहे. आणि यावरून काही जण नाक मुरडतात, की बघा, दुसऱ्याचं गाणं, पॉप केलं, लेदर घालून व्हिडिओ केला, म्हणून चाललं.

मला हे अजिबात पटत नाही. त्या वर्षी एमटीव्हीवर जेवढे पुरुष होते ते सगळेच लेदर घालून, केस फुगवून, मेकअप करून उभे होते, पॉयझन बँडचे फोटो बघा. गाणी दुसऱ्यांकडून घेणारेही भरपूर होते. यांच्यापैकी कुणाला वाजवता येतं का असा संशय नाही घेतला लोकांनी. आणि त्या गाण्यात मधे सोलो येतो तो लिटाचा आहे. हे छोटं वाटतं पण छोटं नाहीये, कारण कंपनीला बाई हवी होती ती गाणारी आणि दिसणारी, ते ठरलेलंच होतं, आणि त्या दारातून आत जाताना ती गिटार बाहेर ठेवून गेली नाही. त्याच अल्बमवर एक गाणं तिने मोटरहेड बँडच्या लेमीबरोबर लिहिलंय आणि एक मॉटली क्रू बँडच्या निकी सिक्सबरोबर, म्हणजे तिची माणसं कोण होती ते कळतं. बी.सी. रिच कंपनीची ती टोकदार गिटार तर तिची ओळखच झाली.

आणि मग ते ऑझीबरोबरचं गाणं. ते कुणी ठरवून बनवलेलं नव्हतं. लिटाने नवं घर घेतलं होतं, ऑझी आणि शॅरन भेट घेऊन आले, भेट काय तर माणसाएवढा खोटा गोरिला. मग पिणं झालं, पूल खेळणं झालं, शॅरन कंटाळून निघून गेली, आणि हे दोघं एका खोलीत गिटार आणि कीबोर्ड घेऊन बसले ते उजाडेपर्यंत. उजाडलं तेव्हा गाणं झालेलं होतं. 1989 मध्ये ते आठव्या नंबरला गेलं. गंमत म्हणजे ऑझीचंही अमेरिकेतलं ते पहिलंच टॉप टेन गाणं! सबाथची एवढी वर्षं, 'पॅरानॉइड' वगैरे सगळं धरून सुद्धा. म्हणजे लोकांना वाटतं की ऑझीने तिला वर काढलं, पण गाणं तिच्या अल्बमवरचं होतं, नाव आधी तिचं होतं, आणि वर तो पण गेला तिच्याबरोबर. अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख.

दोनच वर्षांत ग्रंज नावाचं नवं, साध्या कपड्यांतलं रॉक आलं आणि या सगळ्यांचीच सद्दी संपली, तिचीही, ती मध्ये खूप वर्षं दूरच होती, मग परत आली आणि अजून वाजवते. त्या भागाबद्दल पुन्हा कधी.

मी आता शनिवार-रविवार घरीच गिटार शिकवते. माझ्याकडे मुली कमी येतात आणि ज्या येतात त्यातल्या बऱ्याच जणींच्या आया पहिल्या दिवशी म्हणतात, गाण्याबरोबर वाजवता आलं ना की बास. मी काही बोलत नाही, पहिल्या महिन्यात त्या मुलीला एक छोटा लीडचा तुकडा बसवून देते आणि आईला ऐकायला बोलावते.

परवा एक पंधरा वर्षांची मुलगी आली होती, बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर वर नेताना, तिचा सूर दर वेळी थोडा खाली राहतो आणि ती वैतागते. मी तिला म्हटलं थांब, ऐक, आणि 'किस मी डेडली'चा फक्त मधला सोलो लावला, वेग कमी करून. तिने दोनदा ऐकला. मग विचारलं, ताई, हे वाजवतंय कोण?

मी म्हटलं, जी गातेय तीच.

तिने स्पीकर स्वतःकडे ओढला आणि म्हणाली परत लावा.