कडेच्या उपनगरात घर घेण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

पुण्याच्या मध्यवस्तीत वन बीएचकेला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात वाघोली, मांजरी, उंड्री, मोशी किंवा तळेगावात चांगला टू बीएचके मिळतो. हे खरे आहे आणि तिकडे जाण्यात काही गैर नाही. पण तो स्वस्त का मिळतो, हे समजून मगच टोकन द्यावे. महापालिकेचे पाणी, ड्रेनेजची मुख्य लाइन आणि पुरेसा रुंद रस्ता तिथे अजून पूर्ण पोचलेला नसतो, म्हणून दर कमी असतो. या तिन्ही गोष्टी येईपर्यंत त्यांची किंमत रहिवासी दरमहा मेंटेनन्समधून आणि पेट्रोलमधून भरत राहतात. जाहिरातीतल्या किमतीत हा आकडा धरलेला नसतो. तो आपणच काढायचा असतो.

सगळ्यात आधी, जागा नेमकी कोणाच्या हद्दीत येते ते पाहा. उंड्री, धायरी, आंबेगाव, केशवनगर हा भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. ३० जून २०२१ ला आणखी २३ गावे आली. त्यांत वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी ही गावे होती. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये आत घेतली गेली आणि पुढे वगळून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. मोशी, रावेत, किवळे १९९७ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत, तळेगाव दाभाडेची नगरपरिषद वेगळी आहे, तर हिंजवडी-मारुंजी भागात अजून ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पाण्याची लाइन कोण टाकणार, टॅक्स किती येणार आणि तक्रार कुठे करायची, हे सगळे यावरच ठरते. ‘पुणे’ हा पत्ता सगळेच लावतात.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप धरतात. २०० फ्लॅटची सोसायटी आणि घरात सरासरी चार माणसे धरली, तर रोजची गरज १ लाख ८ हजार लिटर होते. १० हजार लिटरचे ११ टँकर रोज. टँकरला एक हजार रुपये धरले तर महिन्याला ३ लाख ३० हजार, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमागे १,६५० रुपये. तुमच्या भागातला खरा दर विचारून हेच गणित पुन्हा करा. उन्हाळ्यात दर चढतो, तेव्हा एप्रिल-मेचा दर वेगळा विचारा.

फ्लॅट पाहायला गेल्यावर ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ असे हमखास सांगतात. त्या दिवशी ते खरेही असते. अशा सोसायटीत २०० पैकी साठेक घरांतच माणसे राहत असतात आणि तेवढ्यांना दोन बोअर पुरतात. दीड-दोन वर्षांत इमारत भरते, शेजारी आणखी तीन प्रकल्प उभे राहतात आणि मार्चमध्येच बोअर हवा ओढू लागते. आपल्याकडचा खडक बेसाल्ट आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत असते, त्यामुळे खोल गेले की जास्त पाणी मिळेल असे नसते. म्हणून आधी आलेल्या रहिवाशांच्या अनुभवावर विसंबू नका. सोसायटीच्या ऑफिसात मागच्या बारा महिन्यांची टँकरची बिले मागा आणि त्या काळात किती फ्लॅट भरलेले होते तेही विचारा. बिले दाखवायला नकार मिळाला, तर तेच उत्तर समजा.

नव्या प्रकल्पात आणखी एक कागद असतो. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत पाणीपुरवठ्याची जबाबदारी बिल्डरची, अशा अर्थाचे हमीपत्र परवानगी घेताना त्याच्याकडून घेतले जाते. त्याची प्रत मागा. ताबा दिल्यानंतर, सोसायटी स्थापन झाल्यावर टँकरचा खर्च कोण करणार, हे करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्या. पुढचे बहुतेक वाद या एका वाक्यावरून होतात.

पैशापेक्षाही मला पाण्याच्या शुद्धतेची काळजी जास्त वाटते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात, गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ही गावे महापालिकेत येऊन तेव्हा तीन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, ती विहीर ओढ्याच्या किती जवळ आहे, हे विचारायला संकोच करू नका. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही. मीटरवर आकडा चांगला आला म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे, हा समज घातक आहे. क्लोरीनची साधी किट आणून गच्चीवरच्या टाकीतले आणि शेवटच्या नळाचे पाणी तपासा. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन मिळाले पाहिजे. सोसायटी स्वतः क्लोरीन टाकत असेल तर साधारण प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून, निवळ तेवढी टाकीत ओतायची आणि पाणी तासभर तसेच ठेवायचे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेतली तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, मग प्रमाण कितीही बरोबर घेतले तरी उपयोग नाही.

बोअरच्या पाण्याचा दुसरा त्रास जडपणाचा. भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. त्या वरच्या टोकाला गेलेल्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, शॉवरची भोके बुजतात, डाळ शिजत नाही. सोसायटीत सॉफ्टनर असला तर त्याला मीठ नियमित घातले जाते का ते पाहा. मिठाशिवाय तो नुसती टाकी म्हणून उभा असतो.

सांडपाण्याचा प्रकल्पही चालू आहे का ते स्वतः बघा, केवळ ‘एसटीपी आहे’ यावर समाधान मानू नका. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज येतो का, वास येतो का, फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन आहे का. माणशी १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर फ्लशला जाते. ते प्रक्रिया केलेल्या पाण्यावर भागले, तर वरच्या उदाहरणातले ११ टँकर सात-आठवर येतात. प्लांट बंद असेल तर सोसायटीला दुहेरी भुर्दंड बसतो. जादा पाणी आणायचे आणि मैला उपसणारी गाडीही बोलवायची.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला पाइपलाइनचे जाळे तुलनेने बरे आहे, पण तिथेही नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. म्हणून जमिनीखालची टाकी दोन दिवसांची गरज भागवते का, हे विचारा. २०० फ्लॅटना ती सव्वादोन लाख लिटरच्या आसपास हवी.

प्रवासाचे गणित सोपे आहे, पण लोक ते रविवारी दुपारी करतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला सोसायटीच्या गेटपासून ऑफिसच्या दारापर्यंत स्वतः जा आणि संध्याकाळी साडेसहाला परत या. जमले तर जुलैत, पावसात. कामाच्या ठिकाणापासून शहर ओलांडावे लागणार नाही, अशीच बाजू निवडा. काम खराडीत असेल तर वाघोली, केशवनगर, मांजरी. हिंजवडीत असेल तर पुनावळे, रावेत, मारुंजी. चाकणला असेल तर मोशी किंवा तळेगाव. वाघोलीत राहून हिंजवडीला रोज जाणे मी कोणालाच सुचवणार नाही. येताजाता १५-१५ किलोमीटर जास्त पडले तर महिन्याच्या २२ दिवसांत ६६० किलोमीटर होतात. लिटरला १३ किलोमीटर देणारी कार आणि १०५ रुपये लिटर पेट्रोल धरले तर ५,३०० रुपये. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे त्या पेट्रोलच्या पैशांत सहा लाखांचे जादा कर्ज फिटले असते. टँकरचे १,६५० रुपये त्यात मिळवले तर आकडा आठ लाखांवर जातो. दोन फ्लॅटच्या किमतीतला फरक यापेक्षा कमी असेल, तर जवळचे घर घेतलेले बरे.

‘मेट्रो येतेय’ हे कारण किंमत मोजताना बाजूला ठेवा. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, ही चांगली बातमी आहे. पण पुणे मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये धावली आणि स्वारगेटपर्यंत ती सप्टेंबर २०२४ मध्ये पोचली. मंजुरीपासून फलाटापर्यंत किती वर्षे जातात याचा अंदाज यावरून यावा. तळेगावकरांना लोणावळा लोकल आजच उपलब्ध आहे. काम शिवाजीनगर, चिंचवड, आकुर्डी स्टेशनांच्या जवळ असेल तर तळेगाव माझ्या मते सगळ्यात भरवशाचे. फक्त दुपारच्या वेळी गाड्यांमध्ये मोठे अंतर असते, शिफ्टची नोकरी असेल तर वेळापत्रक आधी पाहा.

कागदपत्रांत पहिला आहे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक. पुणे जिल्ह्यातल्या आधीच्या प्रकल्पांचा क्रमांक पी५२१ ने सुरू होतो, अलीकडच्यांचा वेगळा असू शकतो. संकेतस्थळावर प्रकल्प उघडून ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे बघा. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. ‘आत्ता २० टक्के भरा, रेट लॉक करतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. भाव नेहमी कार्पेट क्षेत्रफळावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर काढा. तयार फ्लॅटसाठी भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि ते अंशतः असेल तर त्यात तुमची विंग आणि तुमचा मजला आहे का ते वाचा. समाविष्ट गावांतल्या जुन्या इमारतींत ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ असे सांगतात. बहुमजली इमारतीला ती पुरत नाही. त्या काळातली परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाची किंवा २०१५ नंतर पीएमआरडीएची असायला हवी.

गुंठ्यावर जागा घेऊन घर बांधायचा विचार असेल तर सावकाश. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि सातबारावर दहा-बारा जणांची सामाईक नावे चढवून विकलेला असा तुकडा मंजूर लेआउटमधला नसतो. देहूरोड दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचा रेड झोन आहे. निगडी, तळवडे, चिखली, रावेत, किवळे या भागांतली काही जमीन त्यात येते. दिघी-भोसरीकडेही असा पट्टा आहे. तिथे बांधकामाला परवानगी नाही, त्यामुळे जागा स्वस्त मिळते. नदीकाठी पूररेषेचा नकाशा पाहा. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले, आणि त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी आपली पुंजी त्यात ओतली होती. महापालिकेचा किंवा पीएमआरडीएचा झोन दाखला आणि वकिलाने काढलेला मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, या दोन्हींशिवाय विसारही देऊ नका.

करांचे थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर काही नाही. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पतीचे नाव जोडले की ती जाते. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहणार असाल तर मिळकतकरातल्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरा. तो न भरल्यास बिल पूर्ण येते.

एवढे सगळे पाहूनही मन ठरत नसेल, तर त्याच परिसरात, शक्य असल्यास त्याच सोसायटीत, ११ महिने भाड्याने राहा. करार फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करा, म्हणजे टँकरचा उन्हाळा आणि खड्ड्यांचा पावसाळा दोन्ही त्यात येतात. भाडे १५ हजार आणि डिपॉझिट ५० हजार असेल तर मुद्रांक शुल्क सव्वाचारशेच्या आसपास येते, नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ११ महिन्यांच्या कराराचीही नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. करारात मेंटेनन्स घरमालकाकडे असेल तर उन्हाळ्यातला टँकरचा जादा आकार त्यात धरलेला आहे की वेगळा, हे एका ओळीत लिहून घ्या. आणि राहत असताना सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागणाऱ्या टँकरच्या आकड्यांचे दर महिन्याला फोटो काढून ठेवा. खरेदीची बोलणी करायला बसाल तेव्हा ते समोर ठेवता येतील.