बेस६४ मध्ये हरवलेला काना: माझा अनुभव

एका मंगल कार्यालयासाठी निमंत्रणाचं पान करत होतो. पाहुण्याचं नाव बेस६४ (कुठलाही डेटा ६४ साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करून लिंकमध्येच घालायचं, म्हणजे पान उघडताच ते दिसेल. हाती आलेला कोड रोमन नावांवर छान चालायचा. देवनागरी नाव दिलं की मात्र ब्राउझरचं बेस६४ करून देणारं 'बीटूए' (btoa) फंक्शन हात वर करायचं. त्याला युनिकोडमधल्या (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी) ० ते २५५ क्रमांकांचीच अक्षरं चालतात. आपला 'म' बसलाय २३५० वर.

यावरचा इलाज सर्वश्रुत आहे. ब्राउझरच्याच टेक्स्टएन्कोडरने मजकुराचे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) बाइट करायचे, मग बेस६४. परत येताना 'एटूबी' (atob, बीटूएच्या उलट) आणि टेक्स्टडीकोडर. (इंटरनेटवर अजून 'अनएस्केप'वाला जुना जुगाड फिरतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.)

तरी गंमत बाकी होती. सुरेश, सई व्यवस्थित. मेधाचं झालं 'मेध' आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. माधवचं 'मस))' आणि पुढे कचरा. नारायणराव तर थेट एरर!

कागद घेऊन बिट मांडले तेव्हा उलगडलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि बेस६४ तीन बाइटांची चार अक्षरं करतं. म्हणून प्रत्येक चिन्हाला स्वतःची चौकडी मिळते. त्यात कान्याच्या चौकडीचं शेवटचं अक्षर येतं '+', ऱ्हस्व वेलांटीचं '/'. लिंकमधल्या क्वेरीत ('?' नंतरच्या भागात) '+' म्हणजे स्पेस, आणि एटूबी स्पेस गुपचूप गिळतं. एक अक्षर गेलं की पुढच्या सगळ्या चौकड्या सरकतात. तीन काने गेले की उरलेली लांबी चौकडीत बसतच नाही, म्हणून नारायणराव अडले. (नावात मध्ये स्पेस असेल तर तिथून पुढे हे गणित बदलतं, म्हणून काही आडनावं सुखरूप राहत होती. याने मला जास्तच चकवलं.)

उपाय २००६ च्या आरएफसी ४६४८ (बेस६४ चे नियम सांगणारा इंटरनेटचा दस्तऐवज) मध्येच आहे: '+' ऐवजी '-', '/' ऐवजी '_', शेवटचे '=' काढून टाकायचे. वाचताना उलट.

व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच गेलेल्या लिंक परत मागवणं शक्य नव्हतं. म्हणून उलगडण्याआधी स्पेस दिसली की तिथे '+' घालतो. बेस६४ मध्ये स्पेस मुळात नसतेच, त्यामुळे धोका नाही.