हिरव्या झाकणाची नळी मागून घ्या

पहिल्या आयव्हीएफ सायकलमध्ये अंडी वाढवणाऱ्या एफएसएच हार्मोनची रोज २२५ युनिटची इंजेक्शनं टोचून घेतली, तरी अंडी मोजकीच मिळाली. एएमएच (अंड्यांचा साठा सुचवणारं रक्तातलं हार्मोन) वयाच्या मानाने ठीक, सोनोग्राफीत फॉलिकलही (अंडी वाढतात त्या पिशव्या) बरे दिसत होते. मग असं का? डॉक्टरांनी आम्हा दोघांचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि माझ्या एकटीच्या दोन जीन तपासण्या लिहून दिल्या: एफएमआर१ आणि एफएसएच रिसेप्टर (पेशीवर एफएसएच जिथे जोडलं जातं तो भाग). समुपदेशन, सह्या, पैसे, सगळं एका सकाळी उरकलं.

अडलं ते रक्ताच्या नळीवर. सेंटरवरच्या मुलाने दोघांचं सगळं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळ्यांत भरलं. जीनच्या तपासणीला ती चालते, कारण तिथे फक्त डीएनए हवा असतो. कॅरिओटाइपला मात्र जिवंत पांढऱ्या पेशी लागतात. त्या प्रयोगशाळेत साधारण ७२ तास वाढवतात आणि विभाजनाच्या मधोमध थांबवतात, तेव्हा कुठे गुणसूत्रं मोजता येतात. जांभळ्या नळीतलं ईडीटीए पेशींना वाढू देत नाही. त्यासाठी हेपरिनची, हिरव्या झाकणाची नळी लागते.

हे मला कळलं कधी? पोर्टलवर कितीतरी दिवस ‘प्रोसेसिंग’ दिसत होतं. फोन केला की एकच उत्तर, "रिपोर्ट झाला की मेसेज येईल, मॅडम." शेवटी मेसेज आला तो ‘सॅम्पल रिजेक्टेड’ असा. तोही माझ्या मोबाइलवर. सेंटरमधून कुणी फोन करायची तसदी घेतली नाही. जाब विचारायला गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली, "डॉक्टरांनी नळीचा रंग लिहिला नव्हता." म्हणजे उद्या सुई कुठल्या हातात टोचायची तेही डॉक्टरांनीच लिहायचं! वर पुन्हा पैसे मागितले. नाही भरले. मॅनेजर येईपर्यंत तिथेच बसून राहिले, मागची रांग कुरकुरली तरी. नवऱ्याला संकोच वाटत होता, मला अजिबात नाही. शेवटी फुकटात पुन्हा रक्त घेतलं, तेही मी नळ्यांची झाकणं स्वतः बघितल्यावर.

कॅरिओटाइप दोघांचेही नॉर्मल आले. एफएमआर१ मध्ये एक तुकडा किती वेळा पुन्हापुन्हा येतो ते मोजतात. ५५ ते २०० आले तर प्रीम्युटेशन (पूर्ण बदलाच्या आधीचा टप्पा), आणि अशा साधारण पाचांतल्या एका बाईची अंडाशयं चाळिशीच्या आतच थकतात. तो आकडा आला असता तर माझ्या बहिणीलाही तपासणी करावी लागली असती. माझा तिशीच्या आसपास निघाला. हुश्श!

एफएसएच रिसेप्टरमध्ये मात्र ६८० व्या जागी माझ्या जीनच्या दोन्ही प्रतींत (आईकडून एक, वडिलांकडून एक) सेरिन हे अमिनो आम्ल निघालं. हा दोष नव्हे, कितीतरी बायकांत असतो. २००० साली जर्मनीतल्या एका अभ्यासात अशा बायकांना सरासरी ४६.८ अँप्युल (इंजेक्शनच्या कुप्या) एफएसएच लागलं, तर दोन्ही प्रतींत त्या जागी अॅस्पॅरजिन हे दुसरं अमिनो आम्ल असणाऱ्यांना ३१.८. मला वाटलं, सापडलं कारण! डॉक्टरांनी लगेच जमिनीवर आणलं: डोस एकट्या जीनवर ठरत नाही, वय, एएमएच, फॉलिकलची संख्या आणि आधीच्या सायकलचा प्रतिसाद यांवर ठरतो. आधीचा प्रतिसाद बघून तो तसाही वाढणारच होता. ३०० केला, अंडी आधीपेक्षा जास्त मिळाली. श्रेय कुणाचं, ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून रिसेप्टरची तपासणी पैसे जपून वापरायचे असतील तर मागे ठेवा, असं माझं मत.

आणि हो, कॅरिओटाइपचं रक्त शुक्रवारी संध्याकाळी देऊ नका, रविवारी नळी कुठेतरी पडून राहते. सोमवार-मंगळवारी सकाळी द्या. बर्फात गोठू देऊ नका. पहिल्या बिलाची पावती फेकू नका, माझं भांडण तिच्यावरच जिंकलं.