आधी ट्रायल, मग पाना : आमची वाटचाल

१९९८च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, शिये रोडच्या कडेला, आम्ही दुचाकीचं गॅरेज काढलं. आम्ही म्हणजे मी आणि धाकटा भाऊ. भांडवल काय, तर पान्यांचा एक सेट, हवेचा हातपंप आणि उद्यमनगरात वस्तादांच्या हाताखाली काढलेली माझी पाच वर्षं. शेड नव्हती. चिंचेखाली काम चालायचं, पाऊस आला की गाडीवर ताडपत्री आणि आम्ही शेजारच्या पिठाच्या गिरणीत.

गिऱ्हाइकं बहुतेक दूधवाले. स्प्लेंडर, सीडी १००, एखादी राजदूत. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे चारला गाडी बाहेर. त्यांच्या तक्रारी दोनच असायच्या: ‘इंजिनातनं आवाज येतोय’ आणि ‘गाडी ओढंना झालीया’. आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी गाड्या बदलल्या, तक्रारी त्याच आहेत.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून एक घाण झाली. एक दूधवाले मामा आले, इंजिनाच्या वरच्या भागातनं, हेडमधनं, बारीक टकटक येत होती. “ह्यो आवाज बंद पायजे,” म्हणाले. मला वाटलं, सोपं काम. व्हॉल्व्हवर दाबणारे टॅपेट आवळले. फट मोजायचा फिलर गेज लावलाच नाही, हाताच्या अंदाजानं आवळत गेलो. इंजिन शिलाई मशीनसारखं गप्प झालं. मामा खूश, वर दहा रुपये चहाला दिले. तीन आठवड्यांनी परत आले ते गाडी ढकलतच. गरम झाली की चढाला दम टाकायची, किकला जोरच लागत नव्हता. हेड उघडलं तर धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाल्लेली.

गंमत अशी की त्या टकटकीतच गाडीचा जीव होता. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून टॅपेटला केसभर फट ठेवायची असते. ती फट मी मारून टाकली. मग व्हॉल्व्ह पुरता बसेना, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तिथून निसटायला लागलं आणि जळता गॅस कडेवरून जात राहिला. मामांचं काम फुकट करून दिलं, व्हॉल्व्हचे पैसेही घरचेच. वस्तादांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “टकटकणारा टॅपेट परवडला बाबा, मुका झालेला नको.”

तेव्हापासून गॅरेजचा नियम: आधी ट्रायल, मग पाना. गाडी थंड असताना सुरू करायची, मग गरम करायची, मग गिऱ्हाइकाला मागं बसवून शिये पुलापर्यंत चक्कर. २००३ साली आम्ही पाटीच लावली, ‘आवाज तपासणी २० रुपये’. लई हसले लोक. “डॉक्टर निदान नाडी तरी बघतो, तू नुसता कान लावतोस!” आता शंभर घेतो, काम आमच्याकडं केलं तर बिलातनं वजा. काहीजण अजून भांडतात. भांडू देत. उगाच उघडलेलं हाफ इंजिन, म्हणजे हेड-पिस्टनचं काम, त्यापेक्षा कैक पट महाग पडतं.

कान लावायला आमच्याकडं काय आहे? लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. हेडवर टेकवल्यावर ठणठणीत टकटक ऐकू आली तर टॅपेट. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या टायमिंग चेनच्या बाजूला पत्रा हलल्यासारखी खडखड असेल तर चेन लांबली किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर दमला. थंडीत खटखट आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन सिलिंडरच्या भोकात, बोअरमध्ये, सैल आहे. हा आवाज घेऊन गाडी वर्ष-वर्ष चालते, घाई नाही. पण क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, टेकवून जड ठोका लागला आणि चढाला, लोडवर तो वाढला, तर पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं, कनेक्टिंग रॉडचं, बेअरिंग गेलं. तिथं मी गिऱ्हाइकाला गाडी चालवत घरी जाऊ देत नाही.

क्लच दाबून बघणं हा फुकटचा उपाय. दाबल्यावर आवाज थांबला तर खोट क्लच हाउसिंगकडं. सायलेन्सर हेडला जोडतो तिथलं पॅकिंग फुटलं की अगदी टॅपेटसारखी फटफट येते. त्यात नवे मिस्त्री हमखास फसतात. सायलेन्सरच्या तोंडाशी ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर धरायचा. हेडजवळचा आवाज वाढला तर पॅकिंगच. चाळीस रुपयांचं काम. आणि किती वेळा नंबर प्लेटचा सैल नट निघालाय, ते सांगायची लाज वाटते.

बुलेटवाल्यांना एक वेगळं सांगावं लागतं. २००९नंतरच्या, पण २०२१च्या नव्या मॉडेलआधीच्या क्लासिकमध्ये टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबावर चालणारे. ‘जरा टॅपेट सेट करा’ म्हणून येतात, तिथं सेट करायला काही नसतंच. आधी ऑइल बघतो.

‘ओढंना’ ही तक्रार मात्र आवाजापेक्षा अवघड. आवाज कानाला कळतो, न आलेला जोर कसा ऐकणार? ट्रायलमध्ये एक्सलेटर दिला की इंजिन ओरडतंय आणि गाडी तिथंच, तर क्लच प्लेटा घसरतायत. इंजिनही उठत नाही, तर हवा, पेट्रोल किंवा प्लग. कॉम्प्रेशनचा संशय आला तर प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडायचं आणि किक मारून बघायची. किक जड झाली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह. पल्सरच्या दोन प्लगवाल्या इंजिनात एक प्लग मेला तरी गाडी चालत राहते, नुसता पिकअप आणि अ‍ॅव्हरेज पडतो. एकेक प्लगची टोपी काढून बघितली की जी काढल्यानं काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. आरएक्स १००चा सायलेन्सर कार्बननं तुंबतो, हे तर गावातल्या पोरांनाही ठाऊक.

पण माझी आवडती केस एका शाळेतल्या सरांची. गाडी सात-आठ किलोमीटर झकास चालायची, मग दम तोडून बंद. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू. सरांनी आधी दोन ठिकाणी दाखवली होती; एकानं कार्बोरेटर दोनदा साफ केला, दुसऱ्यानं कॉइल बदलली. मी सरांना मागं बसवून निघालो. वडणग्याच्या पुढं गाडी बंद पडली. टाकीचं झाकण उघडलं आणि सूंऽऽ करून हवा आत गेली. किक मारली, सुरू. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. वर नवं रेक्झिनचं टँक कव्हर, त्याची शिवण बरोबर भोकावर. ब्लेडनं शिवण कापली. सर म्हणाले, “झालं? एवढंच?” शंभराची नोट देताना जरा खट्टू दिसले. कॉइलचे बाराशे मात्र त्यांनी हसत दिले होते.

ऑगस्ट २०१९च्या पुरात पंचगंगा नदी गॅरेजात शिरली. शिये रोड पाण्याखाली, हायवे शिरोलीला बंद. पाणी उतरल्यावर गाड्यांची रांग लागली. पाटीवर खडूनं लिहिलं, ‘किक मारू नका’. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. प्लग काढून पाणी काढायचं, पाणी मिसळून चहाच्या रंगाचं झालेलं ऑइल काढून टाकायचं, नवं भरायचं, चालवायचं, तेही परत काढून टाकायचं. तीन महिने ऑइलचे डबे मजुरीविना बदलले. ज्यांनी घरीच ‘सुरू झाली की!’ म्हणून चालवल्या, त्या गाड्या दिवाळीनंतर घुंऽऽ करत आल्या. बेअरिंगांना गंज लागला होता. २०२१ला पाणी परत आलं, तेव्हा लोक शहाणे झाले होते. आम्हीही, कॉम्प्रेसर माळ्यावर.

एप्रिल २०२०पासून नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या. कार्बोरेटर गेले आणि आमच्या धंद्याचा एक हक्काचा तुकडा त्यांच्याबरोबर गेला. भाऊ म्हणाला, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर घेऊ. मी वर्षभर टाळलं. शेवटी घेतला. सेन्सरचा कोड दाखवतो, काम चटकन होतं, नाकारत नाही. पण चेन खडखडते की पॅकिंग फुटलंय हे तो सांगत नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय. आमच्याच भागातला ऊस टाकीत परत येतोय, म्हणून अभिमान वाटावा, तर पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं की इथेनॉल ते धरून तळाला बसतं आणि जुनी गाडी मिसिंग मारते, अडखळत चालते.

आता पुतण्या हाताखाली आहे. आयटीआय केलाय, स्कॅनर त्याच्याच ताब्यात. सध्या एका काकांची गाडी आमच्याकडं चार दिवस उभी आहे. आवाज फक्त दुसऱ्या गिअरला, चढावर, तेही काकू मागं बसल्या तरच येतो म्हणे. पुतण्या मागं बसला, मी बसलो, सिमेंटचं पोतं बांधून बघितलं. आला नाही. रविवारी दोघांना बोलावलंय, पन्हाळ्याच्या घाटात ट्रायल.