मोलॅसिस टँकवर रडार लेव्हल बसवला, माझा अनुभव

आमच्या साखर कारखान्यात मोलॅसिसच्या, म्हणजे मळीच्या, मोठ्या टँकची लेव्हल इतकी वर्षं टेप सोडूनच घ्यायचो. टँक 20 मीटर व्यासाचा, 10 मीटर उंच, म्हणजे एक सेंटिमीटर इकडंतिकडं झालं की साडेचार टनाच्या आसपास फरक, आणि मळीनं माखलेल्या टेपवर आकडा कुठला धरायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. खाली प्रेशर ट्रान्समीटर लावून बघितला होता पण गाळ बसून त्याचं तोंड बुजायचं, शिवाय ब्रिक्स (मळीत विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) बदललं की घनता बदलते आणि रीडिंग हलतं. रडारला घनतेशी देणंघेणं नाही, वरनं सिग्नल सोडायचा आणि परत यायला लागलेल्या वेळेवरनं अंतर काढायचं, म्हणून 80 गिगाहर्ट्झवाला घेतला.

सप्लायरचा माणूस म्हणाला, "साहेब, वर मोकळा नोझल आहेच, त्याच्यावरच बसवू की." आता हा नोझल, म्हणजे छपरावरचा पाइपचा तुकडा, रिसर्क्युलेशनच्या रिटर्न लाईनला खेटून! मोलॅसिस तापू नये म्हणून आम्ही ते पंपानं फिरवतो, वरनं ही जाड धार पडते आणि खाली फेस, तिथं बसवून रडारनं धारच मोजली असती. मी अडून बसलो. मधोमधही नको, छपराखाली आपटून परत आलेले सिग्नल, म्हणजे इको, तिथं गोळा होतात. भिंतीपासून व्यासाच्या एक षष्ठांश आत, आमच्या टँकला साधारण सव्वातीन मीटर, तेही धारेपासून लांबच्या बाजूला, असा नवीन नोझल मारायचं ठरलं.

वेल्डिंग करायचं तर टँक रिकामा पाहिजे, त्यामुळं ऑफ सीझनपर्यंत थांबलो. डिस्टिलरीनं माल ओढला, टँक धुतला, गॅस टेस्ट, हॉट वर्क परमिट, सेफ्टी बेल्ट, सगळं रीतसर. पण छप्पर उताराचं आणि फिटरनं नोझल छपराला काटकोनात टॅक केलेला, म्हणजे तात्पुरते टाके मारून जोडलेला. नोझलच्या तोंडावरच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा पार कडेला. बीम जेमतेम चार अंशाचा, तो मालावर सरळ पडला नाही तर इको परत वर येणार कसा? काढून ओळंब्यात लावायला सांगितलं, फिटरनं तोंड वाकडं केलं पण केलं बिचाऱ्यानं, आतला वेल्डिंगचा मणीपण ग्राइंडरनं साफ करून घेतला. बाकी ग्लँड (केबल आत जायचं तोंड) खालच्या बाजूला, केबलला झोल, वर पत्र्याची टोपी, पावसाळा असल्यामुळं हे सांगावं लागलं नाही.

सेटिंग मोबाईलवरनंच. फ्लँज ते तळ अंतर टेपनं मोजून टाकलं, आउटपुट करंट रिकाम्याला 4 मिलिअँपिअर, भरल्याला 20. इको कर्व्हमध्ये, म्हणजे परत आलेल्या सिग्नलच्या आलेखात, तळाच्या पीकशिवाय (उंचवट्याशिवाय) वरच्या बाजूला एक छोटं पीक दिसत होतं, ते छपराच्या अँगलचं. टँक रिकामा, पंप बंद असतानाच मॅपिंग करून, म्हणजे हा इको धरायचा नाही असं रडारला सांगून, ते दाबून टाकलं. भरल्या टँकवर हे करायला गेलं तर खरी लेव्हलच दाबली जायची भीती.

मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, टँक भरायला लागला, तसं दर मीटरला टेपशी ताडून बघितलं, फरक मिलिमीटरातच. पंप चालू झाला की आकडा थोडा नाचायचा, डॅम्पिंग (रीडिंग सावकाश बदलायचं सेटिंग) वाढवल्यावर थांबला. आता शिफ्टला वर चढणं बंद झालंय, पण आमचे चीफ केमिस्ट महिन्याच्या स्टॉकला अजून टेपच सोडायला लावतात.