उघडी पेटी

सान्तियागोच्या वाटेवर माझ्या हातून जे झालं ते पाप आहे, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. तेवढ्यात मी साडेतीनशेहून जास्त किलोमीटर चालले होते.

पिरेनीजच्या पायथ्याशी, फ्रान्समधल्या सेंट-जाँ-प्ये-द-पोर गावातून निघायचं आणि स्पेन आडवा कापत सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला पोचायचं. अंतर साधारण 780 किलोमीटर. संत याकोबाची कबर तिथे आहे अशी श्रद्धा आहे. पाठीवर पिशवी, पिशवीला यात्रेकरूची खूण म्हणून शिंपला, खिशात मुक्कामांच्या शिक्क्यांची पुस्तिका. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे सगळे एकमेकांना मोजतात. कोण सामान गाडीने पुढे पाठवतो, कोण चढ दिसला की टॅक्सी बोलावतो, कोण नुसते शेवटचे 100 किलोमीटर चालून प्रशस्तिपत्र घेणार. (नियमाने तेवढे पुरतात.) मीही मोजत होते. पायाला फोड आले की तर फारच बारकाईने.

ग्रान्योन नावाचं लहानसं गाव आहे. तिथली यात्रेकरूंची धर्मशाळा चर्चलाच लागून आहे. खाटा नाहीत, जमिनीवर गाद्या. जेवण सगळ्यांनी मिळून करायचं. दर ठरलेला नाही, एक पेटी ठेवलेली असते, झाकण उघडं. तिच्यावर लिहिलंय: जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. मी तो मजकूर वाचला, कौतुकाने फोटोही काढला.

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा एक माणूस त्या पेटीतून नोटा काढताना दिसला. साठीच्या आसपासचा, अबोल. दोन दिवस आमच्या मागेपुढेच चालत होता. त्याने मला पाहिलं नाही. मी गुपचूप परत येऊन पडले, आणि झोप येईना. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागात थोडी मजाही होती.

दुसऱ्या दिवशी मी ते एकाला सांगितलं. मग आणखी दोघांना. 'चोर' हा शब्द मी उच्चारला नाही. त्याची गरजच पडली नाही. 'मी आपलं पाहिलं ते सांगते' एवढ्यावर काम झालं. त्यानंतर तो आला की टेबलावरचं बोलणं थांबायचं. तीनचार दिवसांनी तो आमच्या मुक्कामांवर दिसेनासा झाला.

दया म्हणजे डोळेझाक नव्हे, असं मी चालताना स्वतःला बजावत असे. खरंच आहे ते. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने त्याची रीतही घालून दिली आहे: भाऊ चुकला तर आधी एकट्याने, एकान्तात त्याच्याशी बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग. मी थेट मंडळीपासून सुरुवात केली होती. आणि चूक तरी कुठली? माझ्यापाशी होता फक्त एक हात आणि एक पेटी, आणि पेटीवर तर घ्या असंच लिहिलेलं.

हे मला विल्याफ्रांका देल बियेर्सोला उमगलं. तिथे संत याकोबाच्या जुन्या चर्चला उत्तरेकडे एक दार आहे, पुएर्ता देल पेर्दोन, क्षमेचं दार. मध्ययुगात आजारपणामुळे ज्याला पुढे जाता येत नसे, तो या दारापाशी पोचला तरी त्याला सान्तियागोला पोचल्याचं सगळं पुण्य मिळे. पुढे जवळजवळ 190 किलोमीटर उरलेले असताना! माझ्यासारखी मोजणारी तेव्हा तिथे असती तर तिने नक्की तक्रार केली असती. मी गेले तेव्हा दार बंद होतं. पायरीवर बसून मी लूकचा नववा अध्याय उघडला. शोमरोन्यांच्या, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्या, एका गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा करू का? येशू वळून त्यांनाच धमकावतो, आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. म्हणजे ज्याच्या कबरीकडे मी निघाले होते तोही वाटेवरच चिडला होता. पुढच्याच अध्यायात, वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येते. इतक्या वर्षांत हे दोन अध्याय मी कधी सलग वाचले नव्हते. वाटेत आधी लागलेल्या लोग्रोन्यो शहरातल्या चर्चच्या दारावर मात्र याकोब घोड्यावर, हातात तलवार घेऊन बसलेला पाहिला होता. लोकांना तो तसाच जास्त आवडला असावा.

दुसऱ्या दिवशी ओ सेब्रेइरोचा चढ. 1300 मीटर उंचीवरचं गाव, दाट धुकं. तिथल्या चर्चची एक जुनी कथा सांगतात. हिमवादळात एकच शेतकरी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वर चढून आला, आणि वेदीवरचा धर्मगुरू मनात म्हणाला, एवढ्याशा भाकरी-द्राक्षारसासाठी हा मूर्ख इतका चढला! त्याच क्षणी हातातल्या भाकरीचं मांस झालं, द्राक्षारसाचं रक्त. तो प्याला तिथे जपून ठेवलाय.

चर्चबाहेरच्या दगडी कट्ट्यावर तो माणूस बसला होता.

मी शेजारी बसले आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पाहिलं ते, बोलले ते. पैसे का घेतले हे विचारायचं नाही असं चढतानाच ठरवलं होतं, म्हणजे तो भेटला तर. तो बराच वेळ बुटाची नाडी सैल करत राहिला.

"किती जणांना सांगितलंत?"

"तिघांना."

"मग त्या तिघांना परत सांगा."

"काय सांगू?"

"पेटी उघडी होती म्हणून."

त्याने नाडी बांधली आणि उतरणीला लागला. माफ केलं की नाही ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.

पहिला त्रियाकास्तेलाला भेटला. त्याला तो प्रसंग आठवतही नव्हता, मलाच पुन्हा सगळा सांगावा लागला, तोही पूर्ण. दुसरा सारियाला, शिक्क्यांच्या रांगेत. तो हसला आणि म्हणाला, जाऊ दे. तिसरी दोन मुक्काम पुढे निघून गेली होती. तिला गाठायला मी दिवसाला पस्तीस किलोमीटर चालले. सान्तियागोला पोचल्यावर कॅथेड्रलसमोरच्या चौकात दोन दिवस सकाळ-संध्याकाळ उभी राहिले, प्रत्येक निळ्या टोपीकडे बघत. तिचा फोन नंबर मी घेतला नव्हता, आडनावही मला माहीत नाही.