वाघानं कुणाकडे बघितलं?

आमच्याकडे गावाकडून पाहुणे येतात ते बहुतेक कामानं. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता. काम उरकतं आणि परतीच्या एसटीला अजून दोन तास असतात. अशा वेळी कुठं बसायचं, या प्रश्नाचं छत्रपती संभाजीनगरातलं उत्तर म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान. महापालिकेची बाग आणि आतच छोटं प्राणिसंग्रहालय. वेरूळला दिवस मोडतो, मकबऱ्याला रिक्षा करावी लागते. इथं पिशव्या सांभाळत पायी जाता येतं. म्हणून इथल्या पिंजऱ्यांपुढची गर्दीही वेगळी दिसते. कुणाच्या काखेत नवी कोरी सतरंजी, कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. बिबट्याकडे पाठ करून एक्स-रे उन्हात धरून बघणारं अख्खं कुटुंब मी इथं पाहिलंय. बिबट्याही बघत होता.

परवा भोकरदनची मावशी डोळे तपासायला आली. सोबत तिचा तिसरीतला नातू. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकलेले, त्यामुळे समोरचं सगळं धुरकट. तरी म्हणाली, "पोराला वाघ दाखवू म्हणलं होतं. चल." मग एका हातानं मी तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं नातवाला.

हरणांपुढे गावाकडची माणसं फार रेंगाळत नाहीत. नीलगायीपाशी मात्र मावशी थबकली. थेंबाच्या डोळ्यांनाही ती आकृती ओळखू आली. "हा तर रोही!" मी पाटी वाचून दाखवली, नीलगाय. "तुमची नीलगाय आसंल. आमच्या हरभऱ्यात येतो तो रोहीच." तिच्या आवाजात कौतुकाचा लवलेश नव्हता. रात्र-रात्र डबे बडवून ज्याला हाकललं, त्यालाच तिकीट काढून बघायचं म्हणजे जरा अतीच. शहरातली एक बाई शेजारीच मुलाला सांगत होती, "बघ सोन्या, किती गोड आहे!" मावशीनं त्या बाईकडे असं पाहिलं, की मी तिला पुढं ओढली.

मगरीपुढे दर रविवारी एकच वाद असतो: खरी आहे की प्लास्टिकची? ती तास-तास जबडा उघडा टाकून पडलेली असते. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तिची ती रीत. पण एवढा वेळ कुणी तोंड उघडं ठेवून काहीच बोलत नाही, हे आपल्या लोकांना पटत नाही. मग कुणीतरी खडा उचलतो, रखवालदाराची शिट्टी वाजते, खडा मुकाट्यानं खिशात जातो. प्राण्यांना डिवचू नये, खायला देऊ नये, गोंगाट करू नये, हे नुसतं पाटीवरचं सुभाषित नाही; वन्यजीव संरक्षण कायद्यातच ते लिहिलंय. पण कायदा करणाऱ्यांना मराठवाड्यातला मामा ठाऊक नसावा. भाच्यांसमोर प्राण्याला उठवून दाखवणं ही तो स्वतःची जबाबदारी समजतो.

जुनी माणसं अजून एक प्रश्न विचारतात: "हत्ती कुठंय?" इथं सरस्वती आणि लक्ष्मी या मायलेकी होत्या. प्राणिसंग्रहालयात हत्ती ठेवू नयेत, असं केंद्रीय प्राधिकरणानं 2009 साली ठरवलं, आणि पुढं दोघींची रवानगी विशाखापट्टणमला झाली. झालं ते बरंच झालं. हत्तीनं दिवसभर एका जागी झुलत राहावं, यात बघण्यासारखं काय होतं? तरी नातवंडांना घेऊन आलेले आजोबा गोल फिरून पुन्हा त्याच जागेशी येतात. उरलेल्या प्राण्यांसाठीही शहराच्या टोकाला, मिटमिट्याला शंभर एकरांवर नवं उद्यान व्हायचंय. वाघांना पाय मोकळे करायला जागा मिळेल, आणि ती त्यांना मिळायलाच हवी. पण पिशवी हातात धरून, एसटीच्या दोन तासांत तिथं जाता येणार नाही, एवढं मात्र खरं.

वाघापुढे गर्दी होती. पांढरा वाघ झोपलेला. वाघाचा झोपेचा हिशेब आपल्या जावयांपेक्षाही मोठा, दिवसातले कितीतरी तास तो लोळत असतो. पण तिकिटाचे पैसे मोजून आलेल्याला ते सांगून काय उपयोग?

"उठ ना रे वाघ्या!"

"आजारी आसंल."

"अरे यार, क्या सो रा ये! रात कू आना था."

एक वडील पोराला समजावत होते, "हा बर्फातला वाघ आहे, हिमालयातला. म्हणून पांढरा." इतक्या ठामपणे बोलणाऱ्या बापाला पोरासमोर खोडणं बरं नव्हे. मी मावशीच्या नातवाला हळूच सांगितलं, की याचं घराणं मध्य प्रदेशातलं. 1951 साली रीव्याच्या महाराजांनी जंगलातून एक पांढरा बछडा धरला, त्याचं नाव ठेवलं मोहन. आज जगभर पिंजऱ्यांत जे पांढरे वाघ आहेत, ते जवळजवळ सगळे त्याचेच वंशज. आईबाप दोघांकडूनही तो गुण आला तरच बछडा पांढरा होतो, म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावत हा रंग टिकवला. "आणि या पांढऱ्या रंगाच्या गुणापायी काय होतं माहितीय? पुष्कळ पांढरे वाघ तिरळे असतात."

"तिरळे म्हंजे?"

"म्हणजे कुणाकडे बघतोय ते कळत नाही."

मावशी या सगळ्यात गजांकडे तोंड करून शांत उभी होती. मी तिला म्हटलं, काही ठिकाणी वाघांना आठवड्यातून एक दिवस मांस देत नाहीत, पोटाला आराम म्हणून. ती एकदम सावध झाली. "उपास? कोणत्या वाराचा?" हे मला सांगता येईना. "मी गुरुवार धरते," ती वाघाला उद्देशून म्हणाली. एवढ्या गर्दीत त्याच्याशी कामाचं बोललेली ती एकटीच.

तेवढ्यात मागच्या बाजूला लोखंडी दार करकरलं. बादलीचा कडीसकट आवाज आला. वाघाचा कान हलला, मान वर आली, आणि तो उठला. इतका वेळ शिट्ट्या, टाळ्या आणि आर्जवं वाया गेलेली; बादलीनं काम केलं. उभा राहून त्यानं एकदा समोर नजर टाकली. निळसर डोळे, आणि खरंच जरासे एकमेकांकडे वळलेले.

"माझ्याकडं बघितलं!"

"अम्मी, मेरेकूच देखरा, मेरेकूच!"

"नाही हो, इकडं, आमच्या बंटीकडं बघितलं."

हिमालयवाले वडीलही आपल्या बाजूनं दावा लावत होते. दोन सेकंदांची ती नजर वीस-पंचवीस जणांनी घरी नेली. वाघ मात्र तेवढ्यात वळून, दाराच्या फटीला नाक लावून बादलीवाल्याची वाट बघत उभा राहिला.

भोकरदनच्या गाडीची वेळ होत आली होती. आम्ही झपाझप फाटकाकडे निघालो. नातवानं विचारलं, "आज्जे, दिसला का तुला?"

"धुरकट दिसला," मावशी म्हणाली, पदरानं डोळे पुसत. "पण माह्याकडंच पाहू राह्यला व्हता."